हँडसेटला गायडिंग पोर्ट बसवला, पण माउंट ऐकत नाही? खोलण्याआधी हे बघा

टेलिस्कोप ज्यावर बसतो आणि ताऱ्यांमागे फिरतो ते माउंट, कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला बारीक करेक्शन पाठवायची ते गायडिंग, आणि ती करेक्शन ज्या सॉकेटमधून जातात तो एसटी-४ पोर्ट. साध्या ड्युअल ॲक्सिस (दोन्ही अक्षांच्या) मोटर ड्राइव्हच्या हँडसेटमध्ये असा पोर्ट बसवायचा म्हणजे चार बटणांच्या चार वायरी बाहेर काढायच्या, एक कॉमन घ्यायची, सहा पिनांचं सॉकेट लावायचं, संपलं. ऐकायला एवढंच आहे आणि बऱ्याचदा तेवढ्यात होतंही. पण असे हँडसेट इतक्यांदा परत उघडून झालेत की आता कुणी "गायडिंग बंद पडलं" म्हटलं की मी आधी प्रश्न विचारतो, स्क्रू ड्रायव्हर नंतर काढतो. बिघाड फिरून फिरून त्याच ठरलेल्या जागांपैकी एखाद्या जागी असतो आणि त्यातल्या बऱ्याचशा जागा हँडसेटच्या बाहेर असतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. एसटी-४ केबलमधून कुठलाही डेटा जात नाही. जातं ते फक्त "बटण दाबलं" आणि "बटण सोडलं". कॅमेरा एखाद्या दिशेची पिन कॉमनला जोडतो, ठराविक मिलिसेकंद जोडून ठेवतो आणि सोडतो. कंट्रोलरला वाटतं कुणीतरी बोटाने बटण दाबलं. त्यामुळे जे बोटाने होतंय ते केबलने व्हायलाच हवं, आणि होत नसेल तर मधे काहीतरी तुटलंय, शॉर्ट झालंय किंवा उलटं लागलंय.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ठरवा, कारण लक्षण नीट बघितलं तर अर्धं निदान तिथेच होतं.

पीएचडी२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन (बटण दाबल्यावर तारा किती आणि कुठे सरकतो याचं मोजमाप) सुरू होतं, तारा जागचा हलत नाही, आणि शेवटी तारा पुरेसा सरकला नाही असा मेसेज येतो. हे सगळ्यात जास्त दिसतं.

तीन दिशा चालतात, चौथी अजिबात नाही.

हँडसेटची बटणं दाबली की सगळं मस्त, केबलवरून काहीच नाही.

केबल लावली रे लावली की माउंट आपोआप एका बाजूला पळायला लागतं, किंवा आरए मोटर (पूर्व-पश्चिम फिरवणारी; उत्तर-दक्षिण फिरवते ती डेक) थांबते आणि तारे फ्रेममधून निघून जातात.

कॅलिब्रेशन सुरळीत होतं पण गायडिंग सुरू केलं की ग्राफ उड्या मारतो, दर करेक्शनला पलीकडे जातो, मग परत अलीकडे.

आणि सगळ्यात छळणारं म्हणजे तास-दीड तास झकास चालतं, मग अचानक बिघडतं. दुसऱ्या दिवशी घरात टेबलावर तपासलं तर एकदम ठणठणीत.

आधी फुकटातल्या गोष्टी

पीएचडी२ मध्ये माउंट म्हणून "ऑन-कॅमेरा" निवडलंय का बघा. हसू नका, हे खूपदा निघतं. प्रोफाइल नवीन बनवली किंवा कॅमेरा बदलला की ते सेटिंग वेगळंच राहून जातं आणि सॉफ्टवेअर पल्स (ठराविक वेळ बटण दाबल्याचा इशारा) भलतीकडेच पाठवत बसतं.

मग हँडसेटवरचा स्पीड स्विच. २एक्स, ४एक्स, ८एक्स (ताऱ्यांच्या वेगाच्या किती पट) असा स्विच असेल तर गायडिंगला सगळ्यात खालचा ठेवायचा. तारे शोधताना आपण ८एक्स वर नेतो आणि तो तिथेच राहतो. आकाश सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतं. २एक्स वर आरएचं एक बटण दाबलं की मोटर दुप्पट वेगाने पळते आणि दुसरं दाबलं की थांबते, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबाने दोन्हीकडे सेकंदाला १५ आर्कसेकंद, हे गायडिंगला चालतं. ८एक्स वर मात्र तेवढ्याच पल्सला सेकंदाला शंभराच्या वर आर्कसेकंद, म्हणजे ०.१ सेकंदाच्या करेक्शनला दहाच्या वर! उड्या मारणारा ग्राफ म्हणतात तो बहुतेक इथूनच येतो, त्यासाठी ॲग्रेसिव्हनेस (करेक्शनचा जोर) कमी-जास्त करत रात्र घालवू नका.

कॅलिब्रेशन स्टेप किती ठेवलीय तेही बघा. समजा गायड स्कोप (गायडिंगचा छोटा टेलिस्कोप) २०० मिमी फोकल लेंग्थचा आहे आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा. २०६.२६५ ला ३.७५ ने गुणून २०० ने भागलं की एका पिक्सेलला साधारण ३.९ आर्कसेकंद येतात. पीएचडी२ ला कॅलिब्रेशनमध्ये तारा २५ पिक्सेलच्या आसपास सरकवायचा असतो, म्हणजे ९७ आर्कसेकंद, आणि ते साधारण बारा पावलांत झालं तर चांगलं. एका पावलाला आठ आर्कसेकंद. गायड रेट (ताऱ्यांच्या हिशोबाने सरकायचा वेग) ०.५एक्स म्हणजे सेकंदाला ७.५ असेल तर पल्स १,०७५ मिलिसेकंदांच्या घरात हवा, आणि १एक्स असेल तर त्याच्या निम्मा. आता कुणी २०० मिलिसेकंद ठेवून ०.५एक्स वर कॅलिब्रेशन लावलं तर एका पावलाला दीड आर्कसेकंद सरकणार, पन्नास-साठ पावलं झाली तरी तारा पुरेसा गेलेला नसणार, आणि मेसेज तोच येणार जो वायर तुटल्यावर येतो. सॉफ्टवेअरमध्येच स्टेप काढायचा कॅल्क्युलेटर आहे, तो वापरा.

कॅलिब्रेशन कुठल्या ताऱ्यावर करताय यानेही फरक पडतो. ध्रुवाजवळ आरए फिरवली तरी तारा इमेजमध्ये जेमतेम सरकतो, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताच्या आसपास जा. मृगातल्या बाणाचे तीन तारे त्याला अगदी लागून आहेत, मृग नसेल तेव्हा श्रवणही चालेल. आणखी एक, एसटी-४ वर पीएचडी२ ला टेलिस्कोप कुठे बघतोय हे कळतच नाही, म्हणून आकाशाच्या दुसऱ्या भागात गेलात की कॅलिब्रेशन पुन्हा करा. मेरिडियन फ्लिपनंतर (टेलिस्कोप माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवल्यावर) तर कॅलिब्रेशन डेटा उलटवावाच लागतो, नाहीतर करेक्शन उलट्या दिशेने जाऊन चूक वाढवत नेतात आणि माणूस वायरिंगला शिव्या देत बसतो.

दहा मिनिटांची चाचणी, आकाश नसलं तरी चालतं

ढग असोत, दिवस असो, ही चाचणी करता येते. कॅमेरा आणि माउंट जोडा, पीएचडी२ च्या टूल्स मेनूतून मॅन्युअल गायड उघडा. तारा दिसायची गरज नाही. पल्स २,००० मिलिसेकंद ठेवा आणि कान मोटरला लावा. स्टेपर मोटर ट्रॅकिंगला असताना बारीक टक-टक किंवा गुणगुण करत असते. पूर्व-पश्चिमपैकी एका दिशेला तो आवाज घाईघाईत होतो, दुसऱ्या दिशेला एकदम थांबतो आणि दोन सेकंदांनी परत सुरू होतो. डेक मोटर एरवी गप्प असते, ती उत्तर-दक्षिणेला बोलायला हवी. चारी दिशा ऐकू आल्या म्हणजे लॅपटॉपपासून मोटरपर्यंत सगळी साखळी चांगली आहे आणि बिघाड गिअर, बॅलन्स किंवा सेटिंगमध्ये आहे. हँडसेट खोलायचा नाही, पुढचा इलेक्ट्रॉनिक्सचा भाग सोडून थेट "सगळं चालतंय पण डेक हलत नाही" तिथे जा.

एखादी दिशा गप्प राहिली तर पुढे वाचा.

केबल

दिसायला टेलिफोनची केबल आणि गायडिंगची केबल सारखीच, म्हणून ड्रॉवरमधली जुनी फोनची केबल लावली जाते. प्लगचं तोंड समोर धरून आतले सोनेरी कॉन्टॅक्ट मोजा. फोनच्या केबलला बहुतेक चारच असतात, मधले चार. बाहेरच्या दोन जागा रिकाम्या. एसटी-४ च्या नेहमीच्या जोडणीत पहिली पिन रिकामी, दुसरी कॉमन, तिसरी आरए प्लस, चौथी डेक प्लस, पाचवी डेक मायनस, सहावी आरए मायनस अशी मांडणी असते. म्हणजे चार तारांच्या केबलमध्ये सहावी पिन गेली आणि आरएची एक दिशा मेली. "तीन चालतात, चौथी नाही" आणि ती चौथी आरएची असेल तर आधी केबल बघा, सोल्डरिंग नंतर.

दुसरा घोळ सरळ आणि उलट केबलचा. दोन्ही प्लग शेजारी शेजारी, क्लिप एकाच बाजूला करून धरा आणि रंगांचा क्रम बघा. क्रम तोच असेल तर केबल सरळ, उलटा असेल तर क्रॉस. क्रॉसमध्ये दुसरी पिन पाचवीवर जाते, तिसरी चौथीवर, पहिली सहावीवर. कॉमनच भलत्या पिनवर गेल्यावर काही धड चालणार नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली केबल ठेवून पोर्टची वायरिंग तिच्याप्रमाणे करणं मला जास्त पटतं, कारण पुढे कधी केबल हरवली तर तशीच दुसरी मिळते. घरी क्रिम्प केलेली खास उलटी केबल हरवली की मग आठवत बसा.

थोडी धोक्याची गोष्ट. काही माउंटवर हँडसेटचं सॉकेट आणि गायडरचं सॉकेट दिसायला हुबेहूब सारखं असतं आणि हँडसेटच्या सॉकेटवर १२ व्होल्ट असतात. गायडिंगची केबल अंधारात तिथे गेली तर कॅमेऱ्याचा आऊटपुट जळू शकतो. सॉकेटवर चकाकणारी टेप लावा, वेगळ्या रंगाची.

साखळी मधोमध तोडा

आता खरी महत्त्वाची चाचणी, आणि लोक नेमकी हीच सोडून थेट बॉक्स उघडतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायला नको असेल तर बिघाड कॅमेऱ्याच्या बाजूला आहे की हँडसेटच्या, हे आधी ठरवा. पोर्ट ही मधली जागा आहे, तिथेच साखळी तोडायची.

केबल काढून ठेवा. हँडसेट चालू करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी सुई पोर्टच्या कॉमनवर, लाल एकेका दिशेच्या पिनवर. पिनांचे नंबर डावीकडून मोजायचे की उजवीकडून यावर विश्वास ठेवू नका, बहुतेक बनवलेल्या पोर्टमध्ये कॉमन ही बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते, तेव्हा पॉवर बंद असताना कंटिन्युइटीने ती शोधा. चारी दिशांना साधारण ३ ते ५ व्होल्ट दिसायला हवेत आणि चारी जवळपास सारखे. एखादी पिन शून्य दाखवत असेल तर ती वायर तुटलीय किंवा कॉमनला चिकटलीय. शून्य आहे आणि मोटर त्या दिशेला आपोआप पळतेय, म्हणजे चिकटलीय. शून्य आहे आणि मोटर शांत आहे, म्हणजे तुटलीय. आणि कुठे १२ व्होल्ट दिसले तर तिथेच थांबा, तो पोर्ट कॅमेऱ्याला लावायचाच नाही.

व्होल्टेज ठीक असतील तर जुन्या केबलचा एक प्लग कापून तिच्या उघड्या तारांनी कॉमन आणि एकेक दिशा दोन सेकंद टेकवा. बोटाने बटण दाबल्यासारखी मोटर चालली पाहिजे. चारी दिशा चालल्या तर हँडसेट निर्दोष. बिघाड केबल किंवा कॅमेऱ्यात. एखादी चालली नाही तर बिघाड आत आहे, आता स्क्रू ड्रायव्हर घ्या.

कॅमेऱ्याची बाजू तपासायची तर मीटर डायोड मोडवर ठेवा, बझरवर नाही. आतला आऊटपुट बहुतेक ऑप्टोकपलरचा (आतल्या एलईडीच्या उजेडाने चालू होणारा, दोन सर्किट वेगळी ठेवणारा स्विच) ट्रान्झिस्टर असतो, तो चालू झाला तरी त्याच्यावर थोडे व्होल्ट पडतात आणि काही मीटरचा बझर त्याला जुमानत नाही, मग चांगला कॅमेरा बाद ठरवला जातो. लाल सुई दिशेच्या पिनवर, काळी कॉमनवर, मॅन्युअल गायडवरून पाच सेकंदांचा पल्स द्या, आकडा पडला पाहिजे. सुया उलट धरल्या तर काही कळणार नाही.

बॉक्स उघडल्यावर

पॉवर काढा, बॅटऱ्या काढा. आधी नुसतं बघा, भिंगातून. सोल्डरचा टाका चकचकीत आणि पॅडवर पसरलेला हवा. मळकट, दाणेदार, गोळ्यासारखा वर बसलेला टाका म्हणजे ड्राय सोल्डर, थंडीत वायर किंचित आकसली की सुटतो आणि घरात परत टेकतो. रात्री बिघाड, दिवसा ठणठणीत याचं एक मोठं कारण. वायर हळूच हलवून बघा, टाक्याच्या मुळाशी वर्तुळासारखी बारीक भेग दिसली तर तोच.

रबरी बटणांच्या हँडसेटमध्ये बोर्डावरचे काळे ठिपके कार्बनचे असतात, त्यांच्यावर सोल्डर धरत नाही. धरल्यासारखं वाटतं, पण वायर नुसती चिकटलेली असते. त्या ठिपक्यापासून निघणारी तांब्याची रेघ शोधा, पुढे जिथे ती एखाद्या रेझिस्टरला किंवा चिपच्या पायाला जाते तिथे टाका मारा. सोल्डरिंग आयर्न ३२०-३५० डिग्री, दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही, वायर केसासारखी बारीक. जाड वायर लावली की तिच्याच वजनाने पॅड उखडतो. वायरी जागच्या जागी हॉट ग्लूने दाबून ठेवा, नाहीतर पोर्टला बसणारा प्रत्येक हिसका थेट टाक्यावर जातो.

दव पडायला लागलं की बिघडतं असं असेल तर बोर्डावर फ्लक्सचा पिवळसर थर आहे का बघा. कोरडा असताना तो निरुपद्रवी वाटतो, पण दमट झाला की त्यातून बारीक करंट गळतो, आणि बटणाची लाइन एखाद्या मोठ्या किमतीच्या रेझिस्टरने वर धरलेली असेल तर तेवढी गळतीही पुरते, चिपला वाटतं बटण अर्धवट दाबलंय. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, पुसून पूर्ण वाळवायचं. एवढ्याने बऱ्या झालेल्या हँडसेटची चिप बदलायची तयारी झालेली मी बघितलीय.

बटणं कुठल्या जातीची आहेत

मॉडिफिकेशन कधीच धड चाललं नाही, पहिल्या दिवसापासून विचित्र वागतंय, असं असेल तर बटणांची जोडणी न ओळखता वायरी लावल्यात असं समजा. इथे घाई नको, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

काळी सुई बॅटरी मायनसवर ठेवून प्रत्येक बटणाच्या दोन्ही पायांवर, दाबून आणि सोडून, व्होल्टेज लिहून काढा. कागदावर चार बटणांचा तक्ता करा.

प्रत्येक बटणाचा एक पाय कायम शून्यावर आणि दुसरा ५ वरून शून्यावर येत असेल तर कॉमन ग्राउंड, सगळ्यात सोपी जात. एसटी-४ थेट चालतं. तरी मी मधे ऑप्टोकपलर घालतोच.

बटण दाबल्यावर लाइन शून्याऐवजी प्लसला जात असेल तर कॉमन पॉझिटिव्ह. थेट जोडलं तर चालणार नाही कारण कॅमेऱ्यातला ट्रान्झिस्टर करंट एकाच दिशेने नेतो. प्रत्येक बटणावर स्वतंत्र ऑप्टोकपलर लागेल.

दोन बटणांमध्ये एक वायर सामाईक, दुसऱ्या दोघांत दुसरी, आणि मीटर धड स्थिर आकडा दाखवत नसेल तर मॅट्रिक्स, चिप ओळी-ओळीने स्कॅन करतेय. इथेही बटणागणिक ऑप्टोकपलर, आणि त्याची दिशा बरोबर हवी.

सगळी बटणं एकाच वायरवर आणि प्रत्येकाला वेगवेगळं व्होल्टेज येत असेल तर रेझिस्टरची शिडी आहे. हा प्रकार दगा देतो. ऑप्टोकपलरवर पडणारे ०.१-०.२ व्होल्टसुद्धा चिपला शेजारच्या बटणासारखे वाटू शकतात, उत्तर दाबलं तर दक्षिण चालतं किंवा काहीच नाही. तिथे रीड रिले किंवा फोटोमॉस रिले लावा, तो खऱ्या बटणासारखा वागतो.

आणि काही जुन्या डीसी मोटरच्या हँडसेटमध्ये बटणांतून थेट मोटरचा करंट वाहतो, मधे चिपच नसते. पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर फार तर ५० मिलिअँपिअर सोसतो. तिथे रिलेच हवा, कॉइलवर उलटा डायोड लावून, आणि तो रिले कॅमेऱ्याच्या पिनेने थेट चालवायचा नाही, मधे ट्रान्झिस्टर घाला.

पीसी८१७ बद्दल थोडक्यात. ठिपक्याच्या बाजूची पहिली पिन ॲनोड, दुसरी कॅथोड, तिसरी एमिटर, चौथी कलेक्टर. हँडसेटच्या ५ व्होल्टवरून ३९० ओहमचा रेझिस्टर, मग ॲनोड, कॅथोडवरून पोर्टची दिशा-पिन. एलईडीवर १.२ व्होल्ट पडतात, उरलेल्या ३.८ ला ३९० ने भागलं की जवळपास १० मिलिअँपिअर, पुरेसे. कलेक्टर बटणाच्या जास्त व्होल्टच्या पायाला, एमिटर कमीच्या. हा उलटा लागला तर ऑप्टोकपलर जळत नाही पण मरगळल्यासारखा चालतो, कधी चालला कधी नाही, आणि मग शोधताना डोकं जातं. दिशा तपासायची तर आधी त्या तक्त्याकडे बघा, म्हणून तो लिहायला सांगितला.

सगळं चालतंय पण डेक हलत नाही

मोटर आवाज करतेय, तारा मात्र बराच वेळ जागेवर, मग एकदम सुटतो. हा बॅकलॅश. हँडसेटने उत्तरेला जात राहा, तारा हलायला लागला की दक्षिणेचं बटण दाबून धरा आणि तारा उलटा फिरेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. पीएचडी२ चा गायडिंग असिस्टंटही हे मोजून देतो. फार असेल तर वर्म गिअर किंचित जवळ आणता येतो, पण किंचितच, जास्त घट्ट केला तर मोटर अडकते आणि स्टेप गाळते. त्यापेक्षा ध्रुव साधणी (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) थोडीशी चुकीची ठेवून डेक एकाच दिशेने गायड करणं कितीतरी सोपं, पीएचडी२ मध्ये डेकला फक्त उत्तर किंवा फक्त दक्षिण असा पर्याय आहे. क्लच घट्ट आहेत का, गायडिंगची केबल ट्रायपॉडच्या पायात अडकून टेलिस्कोपला मागे ओढतेय का, हे तर बघाच. बॅटऱ्या उतरल्या की चार बॅटऱ्यांचा ६ व्होल्टवाला कंट्रोलरही असाच मठ्ठ होतो.

कॅलिब्रेशन उत्तम पण गायडिंगमध्ये बारीक करेक्शन गायब

हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. हँडसेटची चिप बटण खरंच दाबलंय ना याची खात्री करायला थोडा वेळ थांबते, २० ते ५० मिलिसेकंद. कॅलिब्रेशनचे पल्स लांब असतात म्हणून ते सगळे पोचतात. गायडिंगमध्ये ३० मिलिसेकंदांचा पल्स गेला की चिप त्याला बटणाचा कंप समजून टाकून देते. तारा हळूहळू सरकत राहतो, मग करेक्शन मोठं झालं की एकदम हिसका. वायरिंगमध्ये काहीच बिघाड नाही. मिनिमम मूव्ह (किती चुकीपर्यंत करेक्शन द्यायचंच नाही) थोडं वाढवा, एक्सपोजर दोन-तीन सेकंदांचं करा आणि गायड रेट कमी करता येत असेल तर ०.५एक्स वर न्या, म्हणजे त्याच अंतराला पल्स दुप्पट लांब होतो.

मधेच पळून जाणं

केबल लांब असेल, मोटरच्या वायरीला खेटून जात असेल, आणि ऑप्टोकपलर न घालता चिपच्या पायाला थेट जोडलेली असेल तर मोटर ड्रायव्हरचा खरखराट आत शिरतो आणि खोटी बटणं दाबली जातात. केबल लहान करा, वेगळ्या बाजूने न्या, प्रत्येक दिशेच्या लाइनवर ग्राउंडशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. दुसरं कारण यूएसबी. लांब किंवा ढिली यूएसबी केबल पल्स चालू असताना सुटली की काही कॅमेऱ्यांचा आऊटपुट तसाच दाबलेला राहतो आणि माउंट पळत सुटतं. तेव्हा माउंट पळालं की लॅपटॉपवर कॅमेरा डिसकनेक्ट झालाय का ते बघा, हँडसेटकडे नंतर वळा.

कुठे थांबायचं

पोर्टवर १२ व्होल्ट दिसले आणि कुठून येतात ते कळत नाही, तर थांबा. पॅड किंवा तांब्याची रेघ उखडली, बोर्ड अनेक थरांचा आहे, चिपचे पाय केसाएवढे बारीक आहेत, तर थांबा, सूक्ष्म सोल्डरिंग करणाऱ्या माणसाला द्या. केबल न लावताही एखादा चिप हात भाजेल इतका तापत असेल, जळका वास येत असेल किंवा चालू केल्यावर एकही मोटर जागी होत नसेल तर पॉवर काढा आणि परत "एकदा बघू" म्हणून लावू नका, प्रत्येक वेळी नुकसान वाढतं. घरच्या विजेवर चालणारा ॲडॉप्टर कधीच खोलायचा नाही, तो बदलायचा. माउंट वॉरंटीत असेल तर हँडसेट उघडायच्या आधीच विक्रेत्याशी बोला. आणि वर्म गिअर पूर्ण सुटा करायची वेळ आली तर ज्याने आधी केलंय त्याच्याकडे न्या, ते परत जुळवणं हे इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा वेगळंच काम आहे.

माउंटला सीरियल किंवा यूएसबीवरून कॉम्प्युटरशी बोलता येत असेल तर हा एसटी-४ चा खटाटोप मुळात करूच नका, पल्स गायडिंग थेट घ्या. त्यात पीएचडी२ ला टेलिस्कोपची दिशाही कळते, म्हणजे दरवेळी कॅलिब्रेशन नको. आणि जुना कंट्रोलर तीनदा उघडूनही धड होत नसेल तर तो काढून ऑनस्टेपसारखा ओपन सोर्स कंट्रोलर बसवणं एकूण कमी त्रासाचं पडतं, फक्त स्टेपर मोटर आणि पुली त्याला साजेशा हव्यात.

तंत्रज्ञाकडे जाताना बटणांच्या व्होल्टेजचा तक्ता, पोर्टच्या पिनांची नोंद, बोर्डाचे दोन्ही बाजूंचे उजेडात काढलेले फोटो आणि तीच केबल घेऊन जा, नुसता हँडसेट नाही. त्याला टेलिस्कोप माहीत असायची गरज नाही. "ही पिन कॉमनला टेकवली की हे बटण दाबल्यासारखं झालं पाहिजे, चारींपैकी ही एक होत नाही" एवढं सांगितलं की त्याला पुरतं.